मदत हवी आहे: 'सैराट'वरच्या निबंधात सिद्धांत 'चिकटवल्यासारखे' दिसतात

चौकट:
माध्यम अभ्यासाचा २५०० शब्दांचा निबंध आहे. 'सैराट' (२०१६) घेतलाय. कथन, जॉनर (चित्रपटाचा प्रकार) आणि लिंगभाव ही तिन्ही अंगं हवीत. मसुद्यात रशियन लोककथा-अभ्यासक प्रॉपच्या पात्रप्रकारांचं कोष्टक (परशा नायक, आर्ची राजकन्या, तिचे वडील तात्या खलनायक, सल्या आणि लंगड्या मदतनीस), कथन-अभ्यासक तोदोरोवचे पाच टप्पे (समतोल, बिघाड, त्याची जाणीव, दुरुस्ती, नवा समतोल), आणि शेवटी पडद्यावरची बाई पुरुषाच्या नजरेतून दाखवली जाते असं मांडणारी मल्वी: 'आर्ची बुलेट चालवते, म्हणून पुरुषी नजर मोडते'. शेरा आला, 'सिद्धांत चिकटवलेत'. नेमकं चुकतंय कुठे?

रीळवाला:
पहिली चूक कोष्टकातच आहे. प्रॉपची (१९२८) सात पात्रं ही माणसं नव्हेत, कामांची क्षेत्रं आहेत. एक माणूस दोन क्षेत्रांत वावरू शकतो, एक क्षेत्र तिघांत वाटलं जाऊ शकतं. पळताना पिस्तूल हातात घेऊन परशाला सोडवतं कोण? आर्ची. त्या प्रसंगापुरतं नायकाचं काम तिचं, आणि सुटका व्हायची ती परशाची. मग 'आर्ची = राजकन्या' लिहून काय उरलं?

खरी गंमत क्रमात आहे. प्रॉपच्या ३१ कार्यांतलं (कथेतल्या ठरावीक क्रमाच्या घटनांतलं) शेवटचं म्हणजे लग्न. रशियन परीकथा तिथे संपते. इथे लग्न होतं, मूल होतं, आणि कथा उलटी यादीच्या सुरुवातीकडे वळते. आर्चीचा आईला फोन होतो, त्यानंतर तिचा भाऊ दारात येतो. माहेरून आलेल्या भेटवस्तू म्हणजे सहावं कार्य, खलनायकाची फसवणूक. पाहुण्यांसाठी चहा ठेवणं हे सातवं, बळी फसतो. मग आठवं, प्रत्यक्ष दुष्कृत्य: खून. सगळं कोष्टक काढून टाका आणि एवढा एकच परिच्छेद नीट लिहा.

तोदोरोवबद्दल थोडक्यात: समतोल कोणाचा, हे आधी ठरवा. पाटलांच्या, म्हणजे आर्चीच्या, घराच्या बाजूने पाहिलं तर प्रेम हाच बिघाड, आणि शेवटचा खून ही 'दुरुस्ती'. जोडप्याच्या बाजूने हैदराबादची खोली हा नवा समतोल, आणि तोच मोडतो. दोन्ही वाचनं शेजारी ठेवली की टप्पे मोजायची गरज राहत नाही.

आठआण्याचं_तिकीट:
मल्वीवर. 'बुलेट चालवते' हा पात्राचा गुण झाला. मल्वीचा १९७५चा लेख विचारतो की कॅमेरा कुठे उभा आहे आणि कोणाच्या डोळ्यांनी आपण पाहतोय. धाडसी बाईसुद्धा पुरुषी नजरेतून चित्रित होऊ शकते, तेव्हा तो 'म्हणून' खोडा.

हे करा: काही मिनिटांचे दोनच प्रसंग निवडा. थांबवत थांबवत प्रत्येक शॉटची नोंद करा: क्रमांक, सेकंद, शॉट किती जवळचा, पाहतंय कोण, दिसतंय कोण, वेग नेहमीचा की संथ, आवाज कोणाचा. माझी निवड म्हणजे दोन गाणी: 'याड लागलं' आणि 'आताच बया का बावरलं'. पहिलं परशाच्या ओढीचं, दुसरं आर्चीच्या. दोन तक्ते समोर आले की नजर कुठे फिरते ते आपोआप दिसेल. आधी निष्कर्ष ठरवून शॉट शोधायला जाऊ नका, हवे तेवढे सापडतात!

आणि मल्वीत जे नाहीच, ते जातीचं काय? तिच्या मांडणीत पाहणाऱ्याकडे सत्ता असते. इथे पाहणारा मासेमारी करणाऱ्या घरातला, आणि जिच्याकडे तो पाहतो ती पाटलाची. वर्गात आर्ची उलट रोखून बघते तेव्हा तोच गांगरतो. हैदराबादेत पाटीलकी मागे राहते, परशाचं पुरुष असणं मात्र सोबत येतं: तो संशय घेतो, हात उचलतो. नजर तीच, सत्ता आता आली. मला विचाराल तर निबंधाचा कणा हाच. आधाराला शर्मिला रेगे यांचा १९९८चा दलित स्त्रियांच्या वेगळ्या मांडणीवरचा लेख वाचा, पण सरळ लावू नका. आर्ची दलित नाही, त्यामुळे तो प्रश्न इथे उलटा करून विचारावा लागेल.

चौकट:
मग जॉनर कुठे घालू? की वगळू?

रीळवाला:
वगळू नका, तोच तुमचा सांधा आहे. चित्रपट-अभ्यासक ऑल्टमनने (१९८४) जॉनरचे घटक आणि रचना (ते घटक कसे जोडले जातात) असा भेद केला. घटक सगळे प्रेमपटाचे: कॉलेज, विहीर, मित्र, गाणी. पण चारही गाणी गाव सुटायच्या आधीच संपतात. घटक काढून घेतले की रचना उघडी पडते, आणि ती प्रेमपटाची नसते. शेवटी तर आवाजही जातो, उरतात बाळाच्या रक्ताळलेल्या पावलांचे ठसे. म्हणून 'प्रेमपट की सामाजिक चित्रपट' असा प्रश्नच मांडू नका, बदल कुठल्या मिनिटाला होतो ते लिहा.

शब्दांची वाटणी: प्रॉपचा क्रम ६००, गाण्यांची जागा ५००, दोन तक्ते आणि जात १०००. उरलेले ४०० प्रस्तावना-समारोपाला. सिद्धांताची ओळख प्रत्येकी दोन वाक्यांत उरका, तपासणाऱ्याला प्रॉप कोण ते माहीत असतं.

चौकट:
तोदोरोव गेला म्हणायचा?

आठआण्याचं_तिकीट:
समारोपात एका वाक्यात येऊ दे, 'कोणाचा समतोल' एवढ्यापुरता. आणि शॉटचे तक्ते निबंधात नको, परिशिष्टात. नाहीतर पुन्हा 'चिकटवलेत' असा शेरा येईल.