सुट्टीतल्या एका दिवसाच्या सहलीसाठी कूलर बॅग कोणती घ्यावी?

उंबरठा
मुलांना सुट्टी लागलीये. एक दिवस तळ्याकाठी न्यायचंय, सकाळी निघून संध्याकाळी परत. आम्ही दोघं, मुलं ९ आणि ४ वर्षांची, शिवाय सासूबाई. ट्रेनने जाणार, पुढे वीसेक मिनिटं चालत. डबा आणि पाणी गार राहील अशी, खांद्याला लावता येणारी बॅग हवीये. वापर क्वचितच होणार, म्हणून बजेट अगदी कमी आहे. सुचवा प्लीज.

दणकट
सरळ कडक झाकणाचा २५ लिटरचा आइसबॉक्स घ्या. पैसे जास्त जातील, पण मऊ बॅगांची चेन आधी जाते, मग अस्तर. आमचा अजून नव्यासारखा आहे. आदल्या रात्री थोडा बर्फ टाकून बॉक्स आतून थंड करून ठेवायचा. डबाही फ्रिजमधूनच आत जायला हवा. गरम डबा ठेवलात तर बर्फ त्यालाच गार करण्यात संपतो.

रानवाट
दणकट, त्या ट्रेनने जाणार आहेत हो. तो बॉक्स रिकामाच तीन-चार किलो भरतो. पाच जणांचं सहा लिटर पाणी म्हणजे वर आणखी सहा किलो. उचलणार कोण?
१०-१२ लिटरची मऊ बॅग पुरे. घेताना भिंत चिमटीत दाबून बघा. दोन्ही बोटं जवळजवळ एकमेकांना लागली तर आत फोम नावालाच आहे. अस्तर शिवलेलं नको, टाक्यांच्या भोकांतून तळाच्या कोपऱ्यात पाणी झिरपतं. शिवण न दिसणारं, उष्णतेने चिकटवलेलं अस्तर बघा. घरी आणल्यावर आत दोन पेले पाणी ओतून बॅग अर्धा तास कागदावर ठेवा. कागद ओला झाला तर परत करा.

सुईदोरा
रानवाटला +१, मऊच घ्या. जेलपॅक (फ्रीझरमध्ये गोठवून ठेवायच्या जेलच्या पिशव्या) मात्र वर ठेवा. गार हवा खाली उतरते, त्यामुळे पॅक तळाशी ठेवले की वरचा डबा कोमटच राहतो. पॅक आणि फळं यांच्यामध्ये फडकं घाला, नाहीतर चिकटलेली बाजू गोठून मऊ पडते. पाण्याची पिशवी वेगळी हवी. मुलं ती सारखी उघडतात.

दणकट
आणि वितळलेलं पाणी लगेच काढून टाकायचं.

घननीळ
का काढायचं? ते पाणी शून्य अंशाच्या आसपासच असतं आणि बाटल्यांना सगळीकडून लागतं. काढलंत की त्या जागी गरम हवा शिरते आणि उरलेला बर्फ लवकर जातो.

दणकट
आणि डब्यात पाणी शिरतं त्याचं काय?

घननीळ
डबे वर जाळीवर ठेवायचे.

रानवाट
मऊ बॅगेत सुटा बर्फ घालतच नाहीत. हा वाद इथे कशाला?

कुशी
अवांतर आहे, पण बॅगेपेक्षा महत्त्वाचं. सकाळी निघताना दोन्ही मुलांचा त्या दिवसाच्या कपड्यांत फोटो काढा. हरवलं तर कपड्यांचा रंग आठवत बसावं लागत नाही. धाकट्याच्या मनगटावर तुमचा फोन नंबर बॉलपेनने लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. तळ्याशी एक मोठं माणूस मुलापासून हाताच्या अंतरावर, फोन खिशात. पाळ्या ठरवून घ्या. 'सगळे बघताहेत' म्हणजे कुणीच बघत नसतं. सनस्क्रीन उन्हात जायच्या १५-२० मिनिटं आधी, मग दर दोन तासांनी, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा.

पानगळ
अन्नाचं गणित कुणी सांगितलं नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेलं अन्न आणि कापलेली फळं दोन तासांहून जास्त बाहेर नकोत, आणि हवा ३२ अंशांच्या वर गेली तर एकच तास. वास आला नाही म्हणून चांगलं समजू नका.

दणकट
म्हणूनच आइसबॉक्स म्हणतोय.

उंबरठा
सगळ्यांचे आभार. बॅग घेतच नाहीये. पानगळ यांचं वाचून ठरवलं की नासणारं काही न्यायचंच नाही. सुका खाऊ, अख्खी फळं, आणि गोठवलेल्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून पाठपिशवीत. फोटो आणि नंबर नक्की करणार.

सुईदोरा
अहो, डबा तरी घ्या! पण ठरलंच असेल तर बाटल्या पूर्ण भरून गोठवू नका. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, बाटली फाटते. शिवाय पूर्ण गोठलेल्या बाटलीतून सकाळी घोटभरही मिळत नाही. अर्धी भरून आडवी गोठवा, निघताना फ्रिजमधल्या पाण्याने वरपर्यंत भरा. दोन-तीन बाटल्या नुसत्या गार असू द्या, आधी त्या संपवा. आणि टॉवेल अंघोळीचा जाड घ्या, नॅपकिन लगेच भिजून पाठ ओली करतो.