दुसऱ्याचं नकाशाचित्र कॉपी करून विकायचं का?

गालिचेवाला: माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेमच्या आपल्या रोलप्ले (भूमिका घेऊन खेळायच्या) सर्व्हरवर मी चितारी आहे. तारपा नाचाचं वारली नकाशाचित्र केलं, म्हणजे जमिनीवर रंगीत गालिचे अंथरून गेममधल्या नकाशात उमटवलेलं चित्र. १२८ बाय १२८, म्हणजे १६,३८४ गालिचे, एकेक हाताने अंथरलेला. तीन आठवडे गेले. प्रत दोन हिऱ्यांना ठेवली. पहिल्याच गिऱ्हाइकाने कोरा नकाशा जोडून कॉपी काढली नि बाजारात एका हिऱ्याला मांडली! काच लावून लॉक केलं होतं, पण त्याने चित्र बदलत नाही इतकंच, कॉपी निघतेच. मूळ चित्र काढणाऱ्याला न विचारता कॉपी विकायची नाही, असा नियम हवा.

कुदळफावडं: कॉपीची सोय गेमनेच दिलीय, मग चोरी कसली? आणि तारपा नाच तुझा कधीपासून? डहाणू-जव्हारच्या पाड्यांवरचा तो. वारलीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, तू कुणाला विचारलंस?

गालिचेवाला: शैली माझी नाही, कबूल. तीन आठवडे माझेच.

जुना वैमानिक: ईव्ह ऑनलाइन या अंतराळयानांच्या गेममध्ये मूळ ब्लूप्रिंट (यान वगैरे बांधायचा आराखडा) मालकाकडेच राहते. तो ठरावीक नगांपुरत्या प्रती काढून विकतो, त्या प्रतीवरून पुढे प्रत निघत नाही. माइनक्राफ्टचं सही केलेलं पुस्तकसुद्धा प्रतीच्या प्रतीपाशी थांबतं. नकाशालाच हा बांध नाही, तो आपण घालायचा.

फासेवाली: बंदी नको, खर्च लावा. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या रोलप्ले खेळाच्या २०१४च्या नियमांत जादूगाराला दुसऱ्याचा मंत्र आपल्या वहीत उतरवता येतो, पण मंत्राच्या दर पातळीमागे २ तास नि ५० सुवर्णमुद्रा जातात. तिसऱ्या पातळीचा मंत्र म्हणजे ६ तास, १५० मुद्रा. इथे कॉपीच्या कोऱ्या नकाशाला आठ कागद नि एक होकायंत्र, बस! विकलेल्या कॉपीमागे अर्धे हिरे चिताऱ्याला द्या.

कुदळफावडं: आणि हिशोब कोण ठेवणार? अ‍ॅडमिन आधीच रात्री दोनपर्यंत भांडणं सोडवतोय.

जुना वैमानिक: हे मात्र खरं. गालिचेवाले, गालिचे अजून अंथरलेलेच आहेत ना?

गालिचेवाला: आहेत. उचलायचा कंटाळा.

जुना वैमानिक: मग कोपऱ्यात सही विणा, नवा नकाशा काढा, लॉक करा. कॉपी काढली तरी सही पुसता येणार नाही. ज्याला बिनसहीचं हवंय त्याने अंथरावेत सोळा हजार गालिचे.

फासेवाली: सहीने नाव होईल, हिरे नाही मिळणार.

कुदळफावडं: सहीला माझी ना नाही, नियमाला आहे. आणि सांगूनच टाकतो, ती एका हिऱ्याची प्रत मीच घेतलीय. घरात लावलीय, झकास दिसते.