घरकाम करणाऱ्या बायकांसाठी मानसिक ताणाची प्रश्नावली बनवतेय, पण सगळ्या 'कधीकधी'वरच खूण करतात

कोपरखैरणेकर_मुलगी

नमस्कार सगळ्यांना. एमए सायकॉलॉजी दुसरं वर्ष, डेझर्टेशनला विषय घेतलाय घरकाम करणाऱ्या बायकांमधलं नैराश्य आणि ताण, त्यातही ऐरोली, दिघा, तुर्भे स्टोअर या पट्ट्यातल्या ज्या सकाळी चार-पाच घरची धुणीभांडी पोळ्या करून दुपारी परत येतात त्या. पीएचक्यू-९ म्हणजे नैराश्य चाळायची जी तयार प्रश्नावली आहे तिचे नऊ प्रश्न घेतलेत आणि बाकी ४९ मी स्वतः काढलेत, कामाचे तास, आत्मसन्मान, घरातला आधार, मोबाईल किती बघता वगैरे. म्हणजे एकूण ५८.

मागच्या आठवड्यात २२ जणींकडून पायलट भरून घेतला. निम्म्याहून जास्त प्रश्नांना सगळ्यांचं उत्तर 'कधीकधी'. आणि एक ताई 'माझा आत्मसन्मान कमी झाला आहे' या प्रश्नावर थांबली, मला विचारलं मान ना? मी हो म्हटलं. तर म्हणाली, देतात की मॅडम मान, त्यांच्याच कपात चहा देतात मला. आणि 'पूर्णपणे असहमत'वर खूण करून पुढच्या प्रश्नावर गेली. मी घरी आले तरी ते डोक्यातून जात नाहीये. तिने मला केवढी मोठी गोष्ट सांगितली आणि माझ्या शीटवर तिचा आकडा आला १.

गाईड म्हणतात अल्फा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात तो आकडा, चांगला आलाय ०.९३, पुढे जा. मला जावंसं वाटत नाही. कुठे चुकतंय सांगाल का प्लीज.

वागळे_इस्टेट

तू थांबलीस हे फार चांगलं केलंस. मी ठाण्यात बारा-तेरा वर्षं वस्त्यांमध्ये सर्व्हे करतेय, लोकमान्य नगर, किसन नगर, कळवा, आणि माझा अनुभव असा की प्रश्नावली बिघडते ती शब्दांत, आणि ते शब्द आपण पुस्तकातून उचललेले असतात. नैराश्य, निरर्थक, आत्मसन्मान, एकाग्रता यातला एक तरी शब्द त्या बायका नळावर उभ्या राहून बोलतात का? त्या म्हणतात कशात मन लागत नाही, जीव घाबरा होतो, डोक्याला ताप आहे, अंगातलं त्राण गेलंय, कोणाशी बोलूच नये असं होतं. आणि टेन्शन. टेन्शन हा आता अस्सल मराठी शब्द आहे पण त्यात काळजीपण येते, रागपण येतो, नवऱ्याचं पिणंपण येतं, म्हणून तो एकटा प्रश्नात टाकू नकोस, त्याच्यासोबत नेमकं काय होतं ते विचार.

तू अनुवाद करून उलट अनुवादपण करून घेतला असशील, सगळे करतात. पण बघ, 'नैराश्य' उलटा इंग्रजीत नेला की डिप्रेशनच येणार, दोन्ही अनुवादक पास, आणि प्रश्न ज्या ताईसाठी होता तिलाच कळला नाही. उलट अनुवादात ही चूक पकडलीच जात नाही. त्यासाठी कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू कर. नाव मोठं आहे पण काम साधं. पाच-सहा जणींसोबत एकेकीने बस, प्रश्न वाच, उत्तर येऊ दे, मग विचार की ताई तुम्हाला यात काय विचारलं असं वाटलं, तुमच्या शब्दात सांगा, आणि 'कधीकधी' म्हणालात म्हणजे गेल्या वेळी कधी झालं होतं असं. ती कपातल्या चहाची गोष्ट हाच कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू होता, फक्त तू तो ठरवून केला नव्हतास.

मात्र पीएचक्यू-९चे शब्द स्वतः बदलू नकोस. त्याचं मराठी रूप तयार आहे, मोफत आहे, तेच जसंच्या तसं वापर. शब्द बदललेस की तो पीएचक्यू-९ राहत नाही, मग १० किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे पुढे तपासायला हवं हा त्याचा नियम तुझ्या आकड्यांना लावता येणार नाही. समजावून सांगायचं ते आधी सांग. त्यात 'गेल्या दोन आठवड्यांत' आहे ना, दोन आठवडे ही हिशेबाची भाषा आहे, आपल्या बायकांना पंधरवडा कळतो, अमावस्येपासून पुनवेपर्यंत. मी कालनिर्णय घेऊन बसते. आज ही तारीख, या एकादशीला तुम्ही काय केलं होतं, तिथपासून आजपर्यंतचं बोलतोय आपण. मग 'अर्ध्याहून जास्त दिवस' हे उत्तरपण बोट ठेवून देता येतं, नाहीतर 'कधीकधी'सारखं काहीतरी मधलं धरून सुटतात.

अजून एक. झोपेच्या आणि थकव्याच्या प्रश्नाला या बायकांचे गुण नेहमी वर जातात. चारला पाणी येतं म्हणून उठतात, पाच घरची कामं करतात, थकणार नाहीत तर काय. तो आजार आहे की दिवस तसा आहे हे नऊ प्रश्नांतून कळत नाही. शेवटी तुझा एक स्वतःचा प्रश्न ठेव, झोप का होत नाही, पाण्यासाठी उठावं लागतं की पडलं तरी डोळा लागत नाही. या दोन बायका पूर्ण वेगळ्या आहेत आणि तुझ्या प्रबंधात त्या एकाच रकान्यात बसतील.

दिघा_प्लॅटफॉर्म_२

मी रिसर्चवाली नाही. माझी आई घरकाम करते, वीस वर्षं झाली. तिच्याकडून असा फॉर्म एकदा भरून घेतला होता, कोणी ते सांगत नाही. जिथे कामाला जाते त्याच सोसायटीच्या हॉलमध्ये बसवलं होतं सगळ्या बायकांना, मॅडम लोक ये-जा करत होते. आईने ओळीने सगळं 'कधीच नाही' लिहिलं. घरी येऊन म्हणाली, लिहून दिलं तर उद्या कामावरून जाईन. मला खात्री आहे की त्या रिपोर्टमध्ये ती एकदम ठणठणीत बाई म्हणून गेली असणार.

फक्त शेवटच्या प्रश्नावर, जगून काय उपयोग असं वाटतं का त्या प्रश्नावर, तिने खरं लिहिलं होतं. हे तिने मला दोन वर्षांनी सांगितलं. फॉर्मवर नाव नंबर दोन्ही होतं. तिला वाटलं कोणीतरी फोन करेल. महिनाभर ती अनोळखी नंबर उचलत होती. कोणाचा आला नाही.

आता ती बरी आहे. पण ताई तुम्ही विचारणार असाल तर उत्तर वाचणारं कोणीतरी त्याच दिवशी असू द्या, एवढंच मला सांगायचंय. आणि गूगल फॉर्म पाठवू नका, आमच्याकडे आईच्या हातातला मोबाईल माझ्या भावाचा आहे.

वागळे_इस्टेट

हे वाचून खूप वाईट वाटलं गं. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

कोपरखैरणेकर, पीएचक्यू-९चा नववा प्रश्न हाच आहे, मरणाच्या विचारांचा. तो असेल तर व्यवस्था आधी आणि फॉर्म नंतर. विचारल्याने मनात नसलेला विचार येतो अशी भीती बऱ्याच जणांना असते, पण आतापर्यंतच्या संशोधनात तसं दिसलेलं नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून मोकळं वाटतं. विचारून सोडून देणं हे मात्र अक्षम्य आहे. समोर बसून भरून घेणार असशील तर ती उठायच्या आधी नवव्या उत्तरावर नजर टाक, शून्य सोडून काहीही असेल तर तिथेच थांबून बोल, आणि बोलणार कोण, कुठल्या समुपदेशकाकडे त्याच दिवशी नेणार, हे आज ठरवून गाईडकडून लेखी घे. ठाण्यात मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, सरकारची टेलीमानस हेल्पलाईन १४४१६ मोफत आहे, मराठीत बोलता येतं, नंबर कार्डावर छापून प्रत्येकीला दे, म्हणजे कोणाला दिला कोणाला नाही असा विषयच होत नाही. आणि संमतीपत्रात स्वच्छ लिही की तुमच्या जिवाला धोका वाटला तर मी हे माझ्याजवळ ठेवणार नाही.

जागा बदल. बालवाडी, बचत गटाची खोली, कुठेही, पण मालकिणीच्या छताखाली नको आणि सासू शेजारी बसलेली नको. नववा प्रश्न झाल्यावर लगेच फॉर्म संपवू नकोस, त्यानंतर दोन साधे प्रश्न ठेव, मन हलकं करायला कोणाकडे जाता, काय केल्यावर बरं वाटतं. त्या प्रश्नावर बाईला एकटीला घरी पाठवायचं नाही.

आकडेमोड

स्टॅट्स शिकवतो, तेवढ्याच बाजूने लिहितो.

०.९३ अल्फाने हुरळून जाऊ नका. क्रोनबाखचा अल्फा एवढंच सांगतो की प्रश्न एकमेकांसोबत हलतात. 'मला उदास वाटतं', 'माझं मन उदास असतं', 'मी दुःखी असते' असे दहा प्रश्न विचारले की अल्फा वर जाणारच, आणि कोणी सगळीकडे 'कधीकधी', कोणी सगळीकडे 'कधीच नाही', असं प्रत्येकीने आपलं एकच उत्तर ओढत नेलं तरी वर जातो. म्हणजे तुमचा अल्फा कदाचित त्यांचा कंटाळाच मोजतोय. ५८ प्रश्न दुपारी दोन वाजता, अजून घरी जेवण नाही, मीपण मधलंच धरेन. २५च्या आत आणा.

तुम्ही वर लिहिलंय त्यावरून दिसतं की काही प्रश्नांना कधीच नाही ते नेहमी आणि काहींना सहमत असहमत अशी पट्टी आहे. तुमच्या स्वतःच्या प्रश्नांना एकच ठेवा. घडणाऱ्या गोष्टीला किती वेळा हेच विचारा, 'सहमत आहात का' हे मराठीत बोलताना कोणी कोणाला विचारत नाही, आणि समोरच्या शिकलेल्या मुलीला असहमत म्हणणं जड जातं. उलटे प्रश्न टाकले असतील, 'मला एकटं वाटत नाही' यासारखे, तर ते काढा, त्याला 'कधीच नाही' म्हटलं तर अर्थ काय लावायचा हे मलाच दोनदा वाचावं लागतं. सरळ होकारी वाक्य करा, 'माझं ऐकून घेणारं कोणी आहे', आणि एन्ट्री करताना त्याचे गुण उलटे करायला विसरू नका.

मोबाईलच्या प्रश्नाबद्दल. पर्याय काय दिलेत यावर उत्तर ठरतं. १९८५ मध्ये नॉर्बर्ट श्वार्त्झ आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत टीव्ही किती वेळ बघता हे विचारलं. एका गटाला पर्याय अर्ध्या तासापासून सुरू आणि अडीच तासांच्या वर संपणारे, दुसऱ्या गटाला अडीच तासांपर्यंत इथून सुरू होऊन साडेचारच्या वर जाणारे. अडीच तासांहून जास्त बघतो म्हणणारे पहिल्या गटात १६.२ टक्के, दुसऱ्यात ३७.५ टक्के. प्रश्न तोच. लोक पर्यायांवरूनच ठरवतात की साधारण माणूस किती बघत असेल आणि आपण त्याच्या आसपास राहिलेलं बरं. तिथे पर्याय देऊच नका, कोरी जागा ठेवा, त्या बोलतील ते लिहा.

कोरं राहिलेलं उत्तर शून्य धरू नका, हे फार जण करतात. आणि प्रबंधात 'इतक्या जणींना नैराश्य आहे' असं लिहू नका, पीएचक्यू-९ चाळणी आहे, निदान डॉक्टर करतात.

कोपरखैरणेकर_मुलगी

सगळ्यांचे खूप आभार. रविवारी चार जणींसोबत बसले, बालवाडीत, एकेकीसोबत अर्धा-पाऊण तास, कालनिर्णय घेऊन. ४९ मधले ३१ प्रश्न काढून टाकले. म्हणजे नऊ आणि अठरा, २७ झाले, अजून दोन काढायचेत.

त्या कपवाल्या ताई पण आल्या होत्या. मी म्हटलं मागच्या वेळी तुम्ही चहाचं बोललात ते नीट सांगा ना. तर कळलं की आधीच्या तीन घरांत तिचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा, दांडा तुटलेला. हे सांगताना तिचा आवाज बदलला. 'आत्मसन्मान' आता प्रश्नावलीत नाही. त्याजागी चारही जणींना विचारून हा ठेवलाय, 'कामाच्या घरी मला परक्यासारखं वागवतात', किती वेळा. चौघींनीही लगेच उत्तर दिलं आणि चौघींची उत्तरं वेगवेगळी होती.

नवव्या प्रश्नासाठी आमच्या डिपार्टमेंटच्या एक मॅडम, त्या समुपदेशक आहेत, भरून घ्यायच्या प्रत्येक दिवशी फोनवर थांबायला तयार झाल्यात, गाईडनी सही दिलीय. कार्डं छापायला दिलीत. दिघ्याच्या ताई, तुमच्या आईंना वेळ असेल तर फॉर्म पक्का करायच्या आधी त्यांना एकदा वाचून दाखवायचाय, त्या म्हणतील तिथे येईन.

दिघा_प्लॅटफॉर्म_२

विचारलं तिला. गुरुवारी तीननंतर या म्हणाली, घरी कोणी नसतं.