मदत हवी आहे: एडीएचडी, डिसग्राफिया आणि गांधीबागेतलं दुकान

बेरीज_चुकली

नमस्कार मंडळी. राहतो नागपूरच्या महालात, गांधीबागेत आमचा साड्यांचा होलसेलचा धंदा आहे. बाबा गल्ल्यावर बसतात. माल काढणं, बिलं आणि बाहेरगावच्या पार्ट्यांचे फोन माझ्याकडे. तिशी ओलांडल्यावर मानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडी सांगितलं, म्हणजे लक्ष टिकत नाही, मन चंचल राहतं. सायकॉलॉजिस्टच्या चाचण्यांत सोबत डिसग्राफिया (लिहिण्यातली अडचण) आणि डिस्कॅल्क्युलियाही (आकड्यांतली अडचण) निघाला. निदान कसं झालं ते लांबवत नाही, पुढचं विचारायचं आहे.

मला साडी कळते. हातात घेतली की सूत सांगतो, भाव सांगतो, यवतमाळच्या पार्टीकडे काय खपेल तेही सांगतो. तेच बिलावर उतरवायचं म्हटलं की ४८६० चे ४६८० होतात. माझं अक्षर नंतर मलाच लागत नाही. बिल अर्ध्यात असताना फोन वाजला की ते बिल गेलंच, संध्याकाळी बाबांना सापडतं. 'पाच मिनिटांत गोदामातून आलो' म्हणून जातो आणि तिथे रॅकच लावत बसतो. लग्नसराईच्या गर्दीत मात्र मी सगळ्यांच्या पुढे. म्हणून बाबांचं मत पक्कं झालंय: 'मनात आलं तं बरोबर करते हा.'

अकाउंट्सपायी बी.कॉम. अडकलंय, ते पूर्ण करायचंय. या वयात प्रमाणपत्र मिळतं का? परीक्षेत मी सांगेन ते लिहिणारा लेखनिक मिळेल का? गोळीने सकाळ बरी जाते, दुपारनंतर पुन्हा तेच, असंच असतं का? आणि रोजचं दुकान कसं चालवायचं, हे ज्यांनी निभावलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. 'योगा कर, मोबाइल कमी कर' हे ऐकून झालंय.

रामदासपेठकर

रागावू नका, पण हल्ली ज्याला त्याला एडीएचडी. आमच्या वेळी दोन रट्टे बसले की लक्ष लागायचं.

फळा_खडू

रामदासपेठकर, रट्टे खाऊनही ज्यांचं लक्ष लागलं नाही ते शाळा सोडून गेले, म्हणून तुम्हाला दिसले नाहीत. निदान असं कुणालाही चिकटवत नाहीत. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आतली लागतात, एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात, नुसती घरी किंवा नुसती दुकानात चालत नाहीत. यासाठीच डॉक्टर जुनी प्रगतिपुस्तकं मागतात आणि आईला बोलावतात.

आता धागाकर्त्याचं. मी विशेष शिक्षिका आहे, माझे विद्यार्थी शाळकरी, तरी कायद्याचं सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे (डिसग्राफिया, डिस्कॅल्क्युलिया यातच येतात), एडीएचडीचं वेगळं नाव नाही. म्हणजे तुमचं प्रमाणपत्र डिसग्राफिया-डिस्कॅल्क्युलियावरच होईल. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, पोर्टलवर घरून भरता येतो, पुढची तपासणी सरकारी दवाखान्यात. एक अडचण मात्र येईल: या तपासणीत सर्रास वापरली जाणारी निमहान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणी शाळकरी मुलांसाठी बनलेली आहे. मोठ्या माणसाला कुठली लावणार, हे खेटे घालण्याआधीच विचारून घ्या.

तपासणीत दिव्यांगत्व चाळीस टक्के भरलं नाही तर लेखनिक नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकून परत येऊ नका. विकाश कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ती अट लेखनिकासाठी मान्य केली नाही. त्या उमेदवाराची अडचणही लिहिण्याचीच होती, डिसग्राफिया. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने चाळीस टक्क्यांखालच्यांसाठी, लिहिता येत नाही अशांकरता, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं होता. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात फॉर्म भरतानाच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हॉल तिकीट आल्यावर धावपळ केली तर कोणी दाद देत नाही.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही. लेखनिक मिळाला म्हणजे झालं नाही. निबंध सांगणं सोपं. ताळेबंद तोंडी सांगणं महाकठीण, कुठला आकडा कुठल्या रकान्यात ते प्रत्येक वेळी बोलावं लागतं. त्याच लेखनिकाला घेऊन आधी जुने पेपर सोडवा.

मेयोच्या_मागे

गोळीबद्दल. मला निदान दोन मुलं झाल्यावर झालं. तुमची गोळी साध्या मिथाइलफेनिडेटची असेल तर तिचा जोर तीन-चार तासच असतो, दुपारी उतरणारच. लांब चालणारी गोळीही मिळते. डॉक्टरांना 'बरं वाटतं' असं मोघम न सांगता 'अमुक वाजता उतरते' असं सांगा, मग ते वेळ किंवा गोळी बदलतात. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध असेल तर त्याला जम बसायला काही आठवडे लागतात. मनाने वाढवू नका. भूक, झोप, नाडी, बीपी यांवर लक्ष ठेवा.

मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत, मोडतं. प्रत्येक मेडिकलवाला ठेवत नाही, चिठ्ठीची एक प्रत स्वतःकडे ठेवून घेतो. गोळ्यांचा पत्ता संपल्यावर दुकान शोधत फिरणं हे आपल्यासारख्यांच्या नशिबी लिहिलेलंच, म्हणून मी शेवटच्या पत्त्यालाच रबर लावून ठेवते: रबर निघालं की डॉक्टरांना फोन.

आणि विचारते, राग मानू नका: खर्रा खाता का? एडीएचडीवाल्यांना तंबाखू लवकर चिकटते, थोडा वेळ डोकं जागेवर आल्यासारखं वाटतं म्हणून. असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

इतवारीचा_बावा

भाऊ, मी धंद्याचंच सांगून राहिलो. तू हाताने आकडा लिवायचाच नाही, विषय संपला. प्रत्येक लॉटला बारकोड चिकटव, बिल मशीननं निघू दे. जिथं बारकोड नाही तिथं आकडा मोठ्यानं बोल, पोरानं टाइप करावा आणि परत वाचून दाखवावा. बँकेतबी एकाचं काम दुसरा तपासते, त्यात लाज काहून?

फोन: बिल सुरू असताना फोन दुसऱ्याकडे. पार्टीला म्हण, ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात टाका. ऐकून परत ऐकता येते, हे कागदापेक्षा बरं. अर्धं राहिलेलं बिल फक्त लाल ट्रेमध्ये, दुसरीकडे कुठंच नाही. ट्रे रिकामा झाल्याबिगर शटर खाली नाही.

गोदामात एकटा जाऊ नको. संगं कोणी उभं असलं की रॅक लावायची खुमखुमी येत नाही, माझ्या पुतण्याचं पाहिलं आहे मी. तो कामाला बसला की मी बाजूला पेपर वाचत बसतो, बस्स. तेवढ्यानं त्याचं काम होते.

बेरीज_चुकली

सगळ्यांचे आभार. खर्रा खातो, डॉक्टरांना सांगितलेलं नाही, सांगतो. गोळी साधीच आहे, साडेबाराला उतरते हे आता लक्षात आलं. लाल ट्रे आजच आणला, बाबा म्हणाले, 'हे काय नवीन?' त्यांना सायकॉलॉजिस्टकडे सोबत नेऊ का, की चिडतील?

फळा_खडू

न्या, पण 'माझा आजार समजून घ्या' म्हणून नको. 'बिलं कशी चुकतात ते तुम्हीच जास्त पाहिलंय, तुम्ही सांगा' म्हणून न्या. बोलायला मिळालं की वडील मंडळी येतात.

बेरीज_चुकली

हे जमेल. शेवटचं: मराठीत बोललेलं बरोबर उतरवणारं बिलिंगचं अ‍ॅप कोणी वापरतं का? आमच्या निम्म्या पार्ट्या हिंगणघाट-वरोऱ्याच्या आहेत.

इतवारीचा_बावा

गावाची नावं आधीच टाकून ठेव, यादीतून निवडायची. बोलायचे फक्त नग. उद्या दुपारून ये दुकानावर, माझं दाखवतो.