विषय: कोल्हापुरातून अँटिबायोटिकची पाकिटं आणावीत का?

प्रेषक: मंजिरी (सध्या राजारामपुरी)

नमस्कार मंडळी,

गणपती झाले, आता लंडनला परतायची तयारी. बॅगेत कांदा-लसूण चटणी आहे, गूळ आहे, आणि "तिकडचे डॉक्टर काही देत नाहीत" म्हणून आईनं कोंबलेली औषधांची पिशवी आहे. घशासाठी अझिथ्रोमायसिन, जुलाबासाठी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल. आणू का?

दुसरं जरा काळजीचं. आईला परवापासून उन्हाळी लागली आहे. जळजळ होते, सारखं जावं लागतं, ताप नाही. जवळच्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न मागता सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चार गोळ्या कापून दिल्या. गोळी उष्ण पडते म्हणून ती दुधाबरोबर घेते, तेही गंगावेशीच्या कट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण. वय सत्तरीच्या पुढं, शुगरला ग्लिमेपिराइड, शिवाय कमरेची एक गोळी. चालतंय ना?

मंजिरी

---

प्रेषक: संजय

वहिनी, बिनधास्त आणा. इथं इंग्लंडात जीपीकडं, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडं, जाऊन काय मिळतंय? "पाणी प्या, पॅरासिटामॉल घ्या, दोन आठवड्यांनी या." माझ्याकडं अझिथ्रो कायम असतं. खोकला आला की तीन गोळ्या, विषय संपला. लागल्या तर माझ्यासाठीपण एक पाकीट टाका.

संजय

---

प्रेषक: अविनाश

संज्या, तुझ्या खोकल्याकडं नंतर येतो. मंजिरीताई, आधी आईचं बघू.

दूध पहिलं बंद करा, म्हणजे गोळीबरोबरचं. दुधातलं कॅल्शियम सिप्रोला पोटातच धरून ठेवतं आणि रक्तात औषध कमी उतरतं. दही-ताकाचंही तेच. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी आणि अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध असेल, तर सिप्रो त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी लागते. अमॉक्सिसिलिनला मात्र दूध चालतं. त्यामुळं शेजारच्या काकू "मी तर दुधाबरोबरच घेतली" म्हणाल्या, तर त्या खोटं बोलत नसतात, त्यांची गोळी वेगळी असते.

पण मला दुधापेक्षा बाकीच्या गोळ्यांची जास्त काळजी वाटते. सिप्रो आणि ग्लिमेपिराइड एकत्र आल्यावर साखर एकदम खाली येऊ शकते. घाम फुटला, हात थरथरले, गरगरलं तर लगेच ग्लुकोमीटर लावा आणि साखरपाणी द्या. साठीच्या पुढच्या माणसांत या जातीच्या औषधांनी टाचेमागची शीर दुखावण्याचा, क्वचित तुटण्याचाही धोका असतो. स्टेरॉइड चालू असेल तर जास्तच. आणि ती कमरेची गोळी कोणती? पाकीट उलटं करून घटक वाचा. त्यात टिझॅनिडिन असेल तर सिप्रोबरोबर ते अजिबात चालत नाही, बीपी धाडकन पडतं.

पुढची गोळी घेण्याआधी, म्हणजे आजच, डॉक्टरांना दाखवा. घरात चालू असलेली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. नावं आठवत बसण्यापेक्षा ते बरं. रक्त पातळ करायची वॉरफरिन असेल किंवा पूर्वी कुठल्या औषधानं अंगावर पित्त उठलं असेल, ओठ सुजले असतील, तर तेही सांगा. मूत्रपिंड नीट काम करतंय का यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघितल्याशिवाय या वयात डोस ठरवणं धाडसाचं आहे.

लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून कुठलं औषध लागू पडतं ते बघायची तपासणी, खरं तर पहिल्या गोळीच्या आधी द्यायचं असतं. आता गोळ्या पोटात गेल्यात, तरी द्या आणि लॅबला तसं सांगा. रिपोर्टला साधारण दोन-तीन दिवस लागतात. त्यात औषधांच्या नावांपुढं एस किंवा आर असतं. एस म्हणजे जंतू त्या औषधाला दबतो, आर म्हणजे दाद देत नाही. आपल्याकडं लघवीतल्या ई. कोलाय या नेहमीच्या जंतूवर सिप्रोपुढं आर येणं अगदी नेहमीचं झालंय, म्हणून मेडिकलवाल्याच्या अंदाजावर माझा भरवसा नाही. उलट पुढं कधी नुसत्या रिपोर्टात जंतू दिसले आणि आईला काहीच त्रास नसेल, तर या वयात बहुतेक वेळा औषध लागत नाही. रिपोर्ट बघून घाबरू नका.

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं, उलट्या, किंवा आई असंबद्ध बोलायला लागली, तर कल्चरची वाट बघायची नाही, तडक दवाखाना. रुग्णवाहिकेचा 108 नंबर लक्षात असू द्या.

मेडिकलवाल्याबद्दल एवढंच: सिप्रो काय, अमॉक्सिसिलिन काय, चिठ्ठीशिवाय विकायला परवानगीच नाही. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच1, म्हणजे जास्त कडक नियमांतल्या औषधांची सरकारी यादी, लागू आहे. त्यातल्या सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या औषधांसाठी दुकानदारानं डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं ठेवायचं असतं. पाकिटावरची उभी लाल रेघही त्यासाठीच, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका असं सांगणारी. आणि चार गोळ्या कापून घेतल्या की मुदतीची तारीख बहुतेक वेळा दुकानातल्या तुकड्यावरच राहते.

आता संजय. खोकला-सर्दी बहुतेक व्हायरसची असते, तिथं अझिथ्रो काही करत नाही. आपोआप बरं व्हायचं ते झालं की श्रेय गोळीला. बरं, हे औषध शरीरात बरेच दिवस रेंगाळतं, आणि त्या काळात पोटातले निरुपद्रवी जंतूही त्याला सरावतात. काहींच्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवतं ते वेगळंच. जीपीची तक्रार मला पटते, पण इंग्लंडात 31 जानेवारी 2024 पासून फार्मसी फर्स्ट आहे. घसा, सायनस, कान, 16 ते 64 वयाच्या बायकांची साधी उन्हाळी अशा सात दुखण्यांत फार्मासिस्टच तपासतो आणि गरज असली तर औषध देतो. मी स्वतः फार्मसीत काउंटरच्या अलीकडं उभा असतो, पलीकडून "कोल्हापूरहून आणलेली अर्धी स्ट्रिप आहे, तीच संपवू का?" हे ऐकतो. नको, बाबा.

साध्या जुलाबालाही ते ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल नको, ओआरएस पुरे. शौचात रक्त किंवा जोराचा ताप असेल तर डॉक्टर.

अविनाश

---

प्रेषक: संजय

मग कोर्स पूर्ण करायचा म्हणतात, ते तरी खरं का?

---

प्रेषक: अविनाश

डॉक्टरांनी लिहिलेत तेवढे दिवस, ना कमी ना जास्त. पूर्वी सरसकट लांबलचक कोर्स असायचे, आता बऱ्याच दुखण्यांत कमी दिवसही पुरतात असं दिसलंय. पण किती कमी ते तू ठरवायचं नाहीस. मधेच जुलाब किंवा पुरळ आलं तर फोन कर. श्वास लागला, तोंड सुजलं तर फोनही नको, थेट इमर्जन्सी.

---

प्रेषक: मंजिरी

अविनाशदादा, कमरेच्या पाकिटामागं वाचलं: असेक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि टिझॅनिडिन! डॉक्टरांनी ते पाकीट बघताक्षणी सिप्रो थांबवली. क्रिएटिनिन करून घेतलं, ठीक आहे. नायट्रोफुरँटॉइन दिलंय, कल्चर गेलंय. आई म्हणते, दुधाचा काय दोष, उगाच बंद केलं.

औषधांची पिशवी बॅगेतून काढली. त्या जागेत चटणी बसली.

---

प्रेषक: अविनाश

उत्तम. नायट्रोफुरँटॉइन जेवणाबरोबर द्या, पोटाला सोसतं. त्यानं लघवी गडद पिवळी, तपकिरीसुद्धा होते. आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर रात्री तुम्हाला उठवतील. रिपोर्ट आला की डॉक्टरांना दाखवा. त्यात या गोळीपुढं आर आलं तर ती बदलावी लागेल. आणि दूध पिऊ द्या की त्यांना, या गोळीला चालतं.