पेट्रोलनं शंभरी गाठली तेव्हा तुमच्या घरात काय झालं? (अनुभव धागा)

२९ मे २०२१ रोजी मुंबईत साध्या पेट्रोलचा दर शंभर रुपयांच्या पुढे गेला. माझे बाबा स्कूटरच्या डिकीत एक छोटी वही ठेवतात. तारीख, दर, किती लिटर, किलोमीटरचा आकडा. नोकरीत असल्यापासूनची सवय. त्या आठवड्यात मी त्यांच्यासोबत मुलुंडच्या पंपावर होतो. ‘झिरो बघा काका’ म्हणत मुलानं नळी उचलली आणि आयुष्यभर ‘फुल कर’ म्हणणारे बाबा ‘दोनशेचं टाक’ म्हणाले. दोन लिटरही आलं नाही. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

ती वही मी नंतर मागे चाळत गेलो. एप्रिल २०२० मध्ये कच्चं तेल इतकं कोसळलं होतं की अमेरिकेतला वायद्याचा भाव एक दिवस शून्याच्याही खाली गेला. ती स्वस्ताई वहीत कुठेच दिसत नाही. कारण मे महिन्यात केंद्रानं पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे १० रुपयांनी आणि डिझेलवरचं १३ रुपयांनी वाढवलं. त्याआधी मार्चमध्ये ३ रुपये वाढले होतेच. पडलेल्या भावाचा फायदा वरच्या वर जिरला आणि पुढे तेल महाग झालं तेव्हा त्याचा बोजा मात्र सरळ पंपावर आला. माझा संताप महागाईपेक्षा या हिशोबाचा आहे.

तुमच्याकडे त्या दोन वर्षांत काय झालं ते लिहा. कोणता पक्ष बरा हा वाद कृपया इथे नको. केंद्र आणि राज्य, दोघांचेही हात यात आहेत. जे तुमच्यावर गुदरलं ते सांगा.

परभणी, शिक्षक

आमच्याकडे शंभरी मुंबईच्या आधी झाली. फेब्रुवारीतच पॉवर पेट्रोल (साध्यापेक्षा महागडं, प्रीमियम) शंभरावर गेलं होतं. दरवेळी टीव्हीवाले परभणीच्या पंपावर येतात, फोटो काढतात, निघून जातात. आमचं तेल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून येतं. सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर टँकर चालतो आणि ते भाडं आमच्या दरात बसतं. राज्यात ज्या भागाचं उत्पन्न कमी, त्यानंच लिटरला जास्त मोजायचं.

माझी शाळा २१ किलोमीटरवर. आम्ही तिघा शिक्षकांनी एकाच्या जुन्या कारमध्ये मिळून जायचं ठरवलं, खर्च तीन वाटण्या. मला झेपलं. पण शाळेतल्या स्वयंपाकाच्या मावशींचा मुलगा त्यांना रोज मोटारसायकलवर सोडायचा, ते बंद झालं. त्या चार किलोमीटर चालत यायला लागल्या. एप्रिल महिन्यातल्या परभणीच्या उन्हात चार किलोमीटर म्हणजे काय, हे इथल्या माणसालाच कळेल.

आणखी एक. २०१५ मध्ये राज्यानं दुष्काळासाठी म्हणून इंधनावर लिटरमागे दोन रुपये अधिभार बसवला. मराठवाड्यानं तो कुरकुर न करता भरला, कारण दुष्काळ आमचाच होता. नंतर पाऊस झाला, तरी अधिभार गेला नाही, उलट पुढे वाढला.

नाशिक जिल्हा, एका ट्रकचा मालक

कांदा भरून वाशी मार्केट. जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर. भरलेली गाडी चार-साडेचारचं अ‍ॅव्हरेज देते, म्हणजे फेरीला शंभर-एकशे दहा लिटर डिझेल. दर दहा रुपयांनी वाढला की एका फेरीत हजार-अकराशे रुपये गेले. मुंबईत नोव्हेंबर २०२१ च्या सुरुवातीला डिझेल १०६.६२ होतं. भाडं वाढवून मागितलं की व्यापारी म्हणायचा, तुला परवडत नसेल तर दुसरी गाडी उभी आहे. ते खरंही होतं. रिकामी उभी राहण्यापेक्षा तोट्यात का होईना चालवू, असं म्हणणारे माझ्यासारखे पन्नास जण होते. बँकेचा हप्ता कुणालाच थांबत नाही.

एक गोष्ट आजवर घरात सांगितलेली नाही. माझा ड्रायव्हर कसारा घाटात उताराला गाडी न्यूट्रल करत होता, डिझेल वाचावं म्हणून. मीच त्याला रोज ‘किती पिली गाडीनं’ विचारायचो, त्या धाकानं. एकदा मी सोबत होतो तेव्हा लक्षात आलं. सोळा टन माल पाठीशी, ब्रेक तापून वास येतोय आणि हा पोरगा लिटरभर डिझेलसाठी जिवाशी खेळतोय. तिथंच खाली गाडी बाजूला घ्यायला लावली. त्या दिवसापासून त्याला अ‍ॅव्हरेज विचारणं बंद केलं. तोटा झाला तर माझा.

सावंतवाडी

आमका ह्या नवीन नाय. २०१२ मध्ये पर्रीकर सरकारनं गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट (राज्याचा विक्रीकर) जवळजवळ काढूनच टाकला, तेव्हापासून बांद्यापुढे गोव्याच्या हद्दीत पत्रादेवीला जाऊन टाकी भरायची रीत पडली. कोणी गोव्याला निघाला की शेजारी हाक मारायचा, ‘माझी गाडी घेवन जा, भरून हाड.’ नंतर गोव्यातही कर वाढला, पण फरक पूर्ण मिटला नाही.

माझा मित्र अलीकडच्या बाजूच्या पंपावर कामाला होता. गाड्या समोरून निघून जायच्या. आधी रात्रपाळी बंद झाली, मग त्याचं काम गेलं. तो आता पणजीला हॉटेलात आहे. कर वाढवून तिजोरी भरते असं म्हणतात, पण सीमेवरच्या गावातलं गिऱ्हाईकच पलीकडे जात असेल तर कर मिळतो कुठून?

ठाणे, करसल्लागार

दुष्काळ अधिभाराचा विषय निघालाच आहे तर बिलाची फोड सांगतो, कारण माझ्या अशिलांनाही ती माहीत नसते.

२०२१ च्या अर्थसंकल्पानंतर पेट्रोलवर केंद्राचे लिटरमागे ३२.९० रुपये होते. त्यातलं मूळ उत्पादन शुल्क फक्त १.४० रुपये. बाकी सगळे उपकर आणि अधिभार. राज्यांना वाटा मिळतो तो मूळ शुल्कातून, उपकर-अधिभारातून नाही. म्हणून राज्यं आपला व्हॅट सोडायला तयार नसतात. आपल्याकडे तेव्हा मुंबई, ठाणे, नवी मुंबई, अमरावती, औरंगाबादेत २६ टक्के, उरलेल्या राज्यात २५ टक्के, आणि वर लिटरला १०.१२ रुपये. हा टक्केवारीचा व्हॅट केंद्राचं शुल्क धरून आलेल्या किमतीवर लागतो. म्हणजे करावर कर. २०१७ मध्ये महामार्गालगतची दारूदुकानं बंद झाल्यावर बुडालेला महसूलही पेट्रोलवर तीन रुपये लावून भरून काढला गेला. दारू न पिणाऱ्या माणसानं तो का भरावा, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

रस्ते, पूल यांना पैसा लागतो, हे मी मानतो. पण जीएसटीत हा माल न आणण्यावर केंद्र आणि राज्य यांचं जितकं एकमत आहे, तितकं दुसऱ्या कशावर नाही. सप्टेंबर २०२१ च्या लखनौच्या बैठकीत तो विषय आला आणि तिथंच मिटला.

पुणे, डिलिव्हरी करतो

जास्त लिहीत नाही, ऑर्डर येते आहे. दिवसाला सव्वाशे किलोमीटर. पेट्रोल ऐंशीवर होतं तेव्हाचा आणि एकशे दहावर गेलं तेव्हाचा कंपनी देते तो किलोमीटरचा रेट, फारसा फरक नाही. दिवसाला तीन लिटर धरा. महिन्याला अडीच हजारांच्या आसपास जास्तीचे गेले. मी रूम सोडून भाड्याच्या एका कॉटवर आलो. बस.

यवतमाळ जिल्हा

पेट्रोलबरोबर गॅसचंही लिहू द्या. माझ्या मामीकडे उज्ज्वलाचा गॅस आहे. सबसिडी थांबली होती, २०२२ च्या मेमध्ये उज्ज्वलाला सिलिंडरमागे दोनशे रुपये परत सुरू झाले, पण जुलैत मुंबईतच सिलिंडर १०५२.५० ला गेला, मग आमच्या आडवाटेच्या गावात किती ते समजा. मी गेले तेव्हा शेगडीवर भरतकामाचा रुमाल घातलेला होता, वर देवाचा फोटो. स्वयंपाक अंगणातल्या चुलीवर. गॅस फक्त पाहुण्यांच्या चहापुरता पेटतो. माझ्यासाठी तिनं तो रुमाल काढला, मला तो चहा गिळवेना.

एसटी चालक, सातारा

मार्च २०२२ मध्ये घाऊक ग्राहकांचं डिझेल किरकोळपेक्षा लिटरमागे वीस-पंचवीस रुपयांनी महाग झालं. संप मिटून कामावर आलो तर आगारातला पंप कोरडा. प्रवासी भरलेली गाडी घेऊन बाहेरच्या पंपावर मोटारसायकलींच्या मागे रांगेत उभा राहिलो. तिकीट त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्क्यांनी वाढलं होतं. एक आजी वाहकाला म्हणाल्या, ‘पैसे वाढवलेत, मग डिझेल तरी आधी भरून ठेवा की रे लेकरांनो.’ काय सांगायचं त्यांना?

हर्णै, आमची मासेमारीची बोट आहे

एसटीच्या दादांनी लिहिलं तेच आमच्या मच्छीमार सोसायटीच्या पंपाला लागलं, घाऊक दर. सहा सिलिंडरची बोट एका फेरीला हजार-दीड हजार लिटर डिझेल पिते. वर बर्फ, रेशन, खलाशांचा पगार. मासळीचा लिलाव समोरचा व्यापारी ठरवतो, डिझेलचा दर दिल्ली-मुंबईत ठरतो, आमच्या हातात फक्त समुद्र.

मच्छीमारांना डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा असतो. पण आधी पूर्ण पैसे भरायचे, मग बिलं जोडायची, मग वाट बघायची. सासरे बिलं पिठाच्या डब्यात ठेवायचे, दमट हवेत शाई उडू नये म्हणून. पावसाळी बंदी १ जूनला लागते. आम्ही त्या वर्षी एप्रिलमध्येच बोट वर ओढली. मासळी होती, डिझेल परवडत नव्हतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. बाबांना धागा वाचून दाखवला. त्यांच्या वहीत ६ एप्रिल २०२२ ला १२०.५१ लिहिलं आहे, तोवरचा सगळ्यात मोठा आकडा, खाली दोन रेघा. ट्रकवाल्या दादांचं वाचून झाल्यावर त्यांनी मला परत वाचायला लावलं. हर्णैच्या ताई, त्यांनी विचारलं आहे, परतावा शेवटी मिळाला का?

हर्णै

मिळाला, दोन तुकड्यांत, पुढच्या हंगामात. तोवर आमचे दोन खलाशी गोव्याच्या बोटीवर गेले होते. काकांना नमस्कार सांगा.