कोल्हापुरातला पश्चिमेचा वारा: समुद्राचा की डोंगराचा?

प्रश्न
एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापुरात दुपारभर अंगाची काहिली होते आणि दिवस मावळता मावळता पश्चिमेकडून गार वारा सुटतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर वर न चढता जमिनीलगत पूर्वेकडे सरकताना दिसतो, म्हणजे तेव्हाही वारा पश्चिमेचाच. पाठ्यपुस्तकातल्या खाऱ्या, मतलई, दरीय आणि पर्वतीय वाऱ्यांपैकी हे कोणते आणि जिल्ह्याच्या अंदाजात ते का दिसत नाहीत?

प्रतिसाद १
दिशा एकच असली तरी दोन्ही वाऱ्यांची कुळे वेगळी आहेत. उन्हाळ्यातल्या संध्याकाळचा वारा हा समुद्राकडून येणारा खारा वारा. कोकणची किनारपट्टी येथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. किनाऱ्यावर दुपारच्या सुमारास सुरू झालेला खारा वारा ताशी १५ किलोमीटर वेगाने सरकला, तरी त्याला पोहोचायला साधारण साडेसहा तास लागतील, आणि आपण सांगितलेली संध्याकाळची वेळ या हिशेबात बसते. सह्याद्री आडवा आहे खरा. परंतु उन्हाने तापलेल्या कोकणाकडील उतारांवरून दुपारी हवा वर चढत असते आणि तीच खाऱ्या वाऱ्याला घाटमाथा चढवते.

हिवाळ्यातली गोष्ट निराळी. निरभ्र रात्री उतारांवरची हवा गार आणि जड होऊन पंचगंगेच्या खोऱ्याच्या उताराने, म्हणजे पूर्वेकडे, वाहू लागते. हा पर्वतीय वारा. या थराच्या वर तुलनेने उबदार हवा असल्याने, म्हणजेच तापमानाच्या विपरीततेमुळे, धुराला वरची वाट मिळत नाही.

प्रतिसाद २
अंदाजाबाबत थोडे. हवामानशास्त्रज्ञ ऑर्लान्स्की यांच्या १९७५ च्या वर्गीकरणात हवेच्या २ किलोमीटरपेक्षा लहान हालचाली सूक्ष्म, २ ते २,००० किलोमीटरच्या मध्यम आणि त्याहून मोठ्या स्थूल मानल्या जातात. मान्सूनचा प्रवाह स्थूल गटातला, खारे वारे मध्यम गटातले. एखाद्या ओढ्याच्या उतारावरून घरंगळणारी गार हवा तर सूक्ष्म गटातच मोडते. संपूर्ण जिल्ह्यासाठी वाऱ्याची एकच दिशा सांगायची झाल्यास तीत मोठा प्रवाह येणार, आणि घाटाकडचा गगनबावडा व पूर्वेकडचा शिरोळ यांच्या पावसात किती अंतर आहे हे जाणणाऱ्याला त्या एका ओळीची मर्यादा वेगळी सांगायला नको. जूननंतर नैर्ऋत्य वारे जोर धरतात आणि आभाळ भरून राहते, तेव्हा हे दोन्ही स्थानिक वारे झाकोळून जातात.

प्रतिसाद ३
वारा कोणता हे ओळखायला दिशेपेक्षा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान, पाहावा. समुद्रावरून आलेल्या हवेबरोबर तो चढतो, उतारावरून आलेल्या हवेबरोबर तसा चढत नाही. मात्र वळवाच्या ढगातून खाली कोसळणारी गार हवाही धूळ उडवत येते, आणि पावसाच्या बाष्पीभवनामुळे तिचाही दवबिंदू वाढलेला असू शकतो. म्हणून जवळपास गडगडाट असेल त्या संध्याकाळची नोंद या हिशेबात धरू नये.

प्रश्नकर्ता
आर्द्रतामापक गच्चीवर ठेवला तर चालेल का?

प्रतिसाद ३
खाऱ्या वाऱ्यासाठी चालेल, परंतु तो तापलेल्या स्लॅबला टेकवू नये. पहाटेच्या वाऱ्याचा थर कित्येकदा उथळ असतो, त्यामुळे त्याची नोंद नदीकाठच्या मोकळ्या शेतात, माणसाच्या उंचीवर घ्यावी.